उद्या मंडईतून

काकांच्या घरात नवी वस्तू आत यायची ती पडूनच. कुकर असो, चष्म्याचं घर असो, नाहीतर दिवाळीत कुणी दिलेला पणत्यांचा सेट असो, काका ती दोन्ही हातांत धरायचे, कमरेच्या उंचीवर आणायचे आणि शहाबादी फरशीवर सोडून द्यायचे. मग खाली वाकून, तिला उलटीपालटी करून निकाल द्यायचे, "पास" किंवा "परत". पणत्यांचा निकाल वेगळा सांगायला नको. त्या देणाऱ्या शेजारीणबाईंनी काकांशी बोलणंच टाकलं, आणि काकांच्या मते पणत्यांचा तेवढा तरी उपयोग झाला.

मी त्यांच्याकडे भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा माझ्या हातात जेवणाचा डबा होता. अकोल्याहून येऊन हिंजवडीत नोकरीला लागले होते आणि तिथल्या हॉस्टेलला विटले होते. "मंडईच्या जवळ, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मालक एकटेच असतात. विक्षिप्त आहेत, पण माणूस सरळ आहे," एवढी माहिती ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं दिली होती. काकांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं नाही, डब्याकडे पाहिलं.

"परवानगी आहे?"

आत येण्याची परवानगी मी मागायची की यांनी, ते मला कळेना. पुण्यात असेल अशी पद्धत, असं समजून मी "हो" म्हटलं. पुढच्या क्षणी माझा डबा फरशीवर आणि झाकण सोफ्याखाली.

"झाकण सैल आहे. बदलून घ्या. काम काय करता?"

"सॉफ्टवेअर टेस्टिंग."

"म्हणजे?"

"दुसऱ्यांनी बनवलेलं सॉफ्टवेअर तपासायचं. कुठं बिघडतंय ते शोधून काढायचं."

आता काकांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तपासनीस," असं म्हणून त्यांनी सोफ्याखाली हात घालून झाकण स्वतः काढून दिलं. "मीही तपासनीसच होतो. खडकीला, दारूगोळ्याच्या कारखान्यात. आमचं फुटायचं. तुमचं काय होतं?"

"आमचं हँग होतं काका."

"बरं आहे. कुणाला लागत नाही."

एवढ्यावर खोली मिळाली. त्या दिवसापासून मी त्यांची तपासनीसबाई झाले. नावानं त्यांनी मला कधी हाक मारल्याचं आठवत नाही, आणि खरं सांगायचं तर त्या हाकेची सवय इतकी लागली की आजही जिन्यात कुणी मोठ्यानं बोललं की माझे कान टवकारतात.

खडकीच्या गोष्टी ते भाजी निवडता निवडता सांगत. तपासणी म्हणजे काय, तर गठ्ठ्यातला एक नग उचलायचा आणि फोडायचा. नीट फुटला की बाकीचा गठ्ठा पास. "म्हणजे बघा, जे जे मी हातात घेतलं ते फुटलं, आणि जे चांगलं निघालं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. अख्खी नोकरी अशी गेली." हे ते कुरकुर म्हणून सांगत नसत. मेथीची काडी मोडता मोडता सांगत आणि पुढची काडी उचलत.

तिथला एक नियम मात्र त्यांनी घरी आणला होता. ड्यूटी संपली की टेबल मोकळं. सही करून जो नग आपण घेतला, तो जिवंत अवस्थेत टेबलावर सोडून घरी जायचं नाही. मागून येणाऱ्याला काय माहीत, तुम्ही त्याला काय करून ठेवलंय? त्यामुळे काका घराबाहेर पडायचे म्हणजे एक कार्यक्रमच असायचा. कपात चहा उरता कामा नये, बादलीत कपडे भिजत राहता कामा नयेत, पेपर अर्धा वाचलेला असता कामा नये. एकदा लग्नाला जायला खाली रिक्षा उभी, रिक्षावाला हॉर्न वाजवून थकला, आणि काका वर शब्दकोडं पुरं करताहेत. मी म्हटलं, "काका, मुहूर्त टळेल." ते म्हणाले, "त्यांचा टळेल. माझं आडवं सात राहिलंय."

या घरात एकच वस्तू अशी होती जिला त्यांनी कधी पाडलं नव्हतं. काकूंच्या फोटोखालच्या फळीवर, चष्मा पुसायच्या मऊ फडक्यात गुंडाळलेला, हातात मावणारा एक संगणक. हल्लीच्या मोबाइलच्या आधीच्या जमान्यातला. राखाडी रंग, हिरवट पडदा, वर एक झाकण आणि पडद्यावर लिहायला बारीकशी काडी. काका निवृत्त झाले तेव्हा लेकीनं तो परदेशातून आणला होता, त्यांनी त्यात फोन नंबर आणि भेटीगाठींच्या वेळा ठेवाव्यात म्हणून. "नंबर माझ्या डोक्यात आहेत, आणि मला भेटायला कुणी येत नाही," असं म्हणून काकांनी तो कपाटात टाकला होता.

मग काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. काकू शाळेत शिक्षिका होत्या आणि त्यांचं अक्षर असं की शाळेत पाहुणे आले की त्यांना मुद्दाम काकूंचा फळा दाखवायला वर्गात आणत. त्या बाईला आता पाणी मागायलाही शब्द नव्हता. काकांनी कपाटातून ते यंत्र काढलं, काडी त्यांच्या डाव्या हातात दिली, आणि काकू पडद्यावर लिहून बोलू लागल्या. पहिलीतल्या मुलासारखं मोठं, वाकडं, एकमेकांवर चढलेलं अक्षर. दोघं त्या यंत्राला पाटी म्हणत. लिहून झालं, काकांना समजलं, की काकू पाटी पुसून टाकत. जन्मभराची सवय. काकू गेल्या तेव्हा त्यांच्याकडून पुसायचं राहून गेलं होतं तेवढंच पाटीवर उरलं.

हे सगळं मला तुकड्यातुकड्यानं कळलं, पुष्कळ नंतर. सुरुवातीला मला फक्त एवढंच दिसत होतं की एक म्हातारा गृहस्थ वीसेक वर्षांपूर्वीचं एक यंत्र मोठ्या जिद्दीनं चालवतोय. झाकणाची बिजागरी तुटली, त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून चिकटवली. काडी हरवली, त्यांनी काकूंची क्रोशाची सुई घासून गुळगुळीत केली आणि ती वापरू लागले. पडद्यावर डावीकडे एक उभी रेघ आली, ती काही जाईना, तर तिला ते समास म्हणू लागले. एप्रिलच्या उन्हात पडदा काळा पडायचा, तेव्हा पाटीचा मुक्काम माठाशेजारी हलायचा. बोट जिथं ठेवाल त्याच्या जरा उजवीकडचं उघडायचं, म्हणून ते जरा डावीकडे ठेवायचे. त्याबद्दल तक्रार नाही. "तिला कमी दिसतं," म्हणायचे.

मी त्याच सुमाराला नवा फोन घेतला. काकांनी तो पाडून पास केला आणि विचारलं, "जुन्याला काय झालं?"

"स्लो झाला होता काका."

"मीही झालोय," ते म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

पण पाटीचा सगळा जीव अडकला होता तो सेलमध्ये. टीव्हीच्या रिमोटला लागतात तसे दोन बारीक सेल तिला लागत आणि महिनाभरात ते उतरत. ह्या जुन्या यंत्रांत लिहिलेलं सगळं सेलच्या जोरावर टिकायचं. सेल संपले की पाटी कोरी. सेल बदलताना आतला एक बारीकसा भाग आठवण धरून ठेवायचा, तोही मिनिटभर, असं सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं. "पुस्तिका छापली तेव्हा पाटी नवी होती," काका म्हणत. "आता किती वेळ धरते, देव जाणे."

मी माझ्या धंद्याला जागून लगेच म्हटलं, "मग तपासून बघू या की."

काकांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. "एकदाच तपासता येईल, तपासनीसबाई."

म्हणून मग सेल बदलण्याचा विधी. महिन्याचा पहिला रविवार, सकाळी, आंघोळ करून. पंखा बंद, गॅस बंद, दोघांचे फोन पंच्यात गुंडाळून कपाटात. बेलचं बटण आतून बंद आणि दारावर काकांच्या हातचा कागद. 'बेल बंद आहे कारण आत काम चालू आहे. थांबावे. घाई असल्यास उद्या यावे.' मी समोर पाटावर बसायचं, हातात स्टीलची ताटली, ताटलीत नवे सेल. बोलायचं नाही, शिंकायचं नाही. काका पाटी उलटी करून नखानं झाकण सरकवत, जुने दोन्ही काढून ताटलीत ठेवत, नवे एकेक करून घालत. मग पाटी सुलटी करून, माझ्याकडे पाठ करून उघडत आणि थोडा वेळ बघत राहत.

"आहे," ते म्हणत.

एवढा एकच शब्द. मग पंखा लागायचा आणि आम्ही चहा प्यायचो.

रविवारचा दुसरा कार्यक्रम मंडईचा. काका पिशवी घेऊन जायचे आणि दर वेळी काहीतरी भलतंच आणायचे. कधी चाकवत, कधी अंबाडी, कधी घोळ, कधी सुरण, कधी कोहळ्याची फोड. मोसम, आवड, काल काय झालं, कशाचा कशाला मेळ नाही. स्वतः रांधायचे, पहिला घास घेऊन जरा थांबायचे आणि म्हणायचे, "हेही नसेल." मी आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "काही पथ्यपाणी असंन बाई त्यायचं, तू गुमान खाऊन घे." मी गुमान खात होते. कमळकाकडी मी पहिल्यांदा तिथंच खाल्ली.

आता त्या रविवारचं सांगते. माझ्या टीममधला एक मुलगा माझा लॅपटॉपचा चार्जर चुकून घेऊन गेला होता, तो परत द्यायला येणार होता. दुपारी ये म्हटलं होतं, तो सकाळीच उगवला. आत काम ऐन रंगात. जुने सेल निघून ताटलीत आले होते, नवे अजून जायचे होते. त्यानं बेल दाबली, वाजली नाही. दारावरचा कागद त्याला दिसला नाही. त्यानं दोन्ही मुठींनी दार बडवायला सुरुवात केली. "हॅलो! कोणी आहे का? हॅलो!"

काका दचकले, त्यांचा हात ताटलीला लागला आणि ताटलीतले सेल, जुने नवे सगळे, फरशीवरून चारी दिशांना पळाले. काका जागचे हलले नाहीत. पोट उघडी पाटी दोन्ही हातांत धरून बसून राहिले. मी फ्रिजसमोर पालथी पडले. एक सेल हाताला लागला. दुसरा दिसेना. बाहेरून हॅलो चालूच. मी धावत जाऊन दार उघडलं आणि ओरडले, "सेल दे! बारीक सेल, रिमोटचा! काकांच्या मशीनमधलं सगळं जाईल!"

तो गोंधळला असेल, पण त्यानं एक प्रश्न विचारला नाही. दिवाणावर टीव्हीचा रिमोट पडला होता तो उचलला, पाठ उघडली आणि दोन्ही सेल काकांपुढं धरले. काकांनी ते घातले. दुसरा सेल घाईत आधी उलटाच गेला.

मग पंखा बंद असलेल्या त्या खोलीत आम्ही तिघं. काकांनी पाटी उघडली नाही. माझ्या हातात दिली. "तुम्ही बघा. मला नाही बघवत."

मी पाटी उघडली. पडद्यावर समासाच्या रेघेला टेकून डाव्या हातानं लिहिलेलं होतं, "पंखा." सुईनं पुढचं पान काढलं, "फोडणी करपली." पुढं, "त्यांना बसा म्हणा." त्याच्या पुढं, "तुम्ही बोलू नका, मी सांगते." शब्द सांगतेय, अक्षराबद्दल आता आणखी सांगत नाही, कारण काकांना ते चाललं नसतं. आणि शेवटचं पान, "उद्या मंडईतून". एवढंच. त्यातल्या शेवटच्या अक्षराची रेघ खाली घसरत पडद्याच्या कडेपर्यंत गेली होती.

"आहे," मी म्हटलं, आणि मला रडू आलं.

काका भिंतीला टेकून खालीच बसले. मग त्यांनी त्या मुलाकडे पाहिलं.

"दारावर काय लिहिलंय?"

"सॉरी काका, वाचलं नाही. घाईत होतो."

"घाई होती म्हणून तर उद्या यायचं होतं. रिमोटचं कसं सुचलं?"

"सुचलं नाही काका. दिसला."

"पास," काका म्हणाले.

पुढं त्याच मुलाशी माझं लग्न झालं. काका अकोल्याला आले होते, स्टीलच्या कुकरसारखे ताठ बसून. माझ्या वडिलांना म्हणाले, "मुलगा मी तपासलाय. पाडून तेवढा पाहिला नाही, ते आपण बघा."

सेल सांडले त्याच रविवारी दुपारी जेवताना काकांनी मला शेवटच्या पानाचं सांगितलं. काकू लिहीत होत्या, काका स्वयंपाकघरात चहा गाळत होते. कप घेऊन बाहेर आले तर काडी जमिनीवर पडलेली. दुसरा झटका. उद्या मंडईतून काय आणायचं, ते राहिलं. तेव्हापासून काका दर रविवारी एकेक गोष्ट आणून बघत होते. चाकवत त्यासाठी होता, घोळ त्यासाठी होती, आणि मी इतके दिवस ज्याला पथ्य समजून जेवत होते, ते त्या एका वाक्याचा शेवट शोधणं होतं.

"कळणार कसं काका? हेच होतं असं कोण सांगणार?"

"खाल्ल्यावर कळेल," ते म्हणाले. "तिच्या हातचं इतकी वर्षं खाल्लंय."

मी म्हटलं, "पण भाजीच असेल कशावरून? फुलं असतील. उदबत्ती असेल. नवा खराटा असेल."

काकांचा घास हातातच राहिला. हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पुढच्या रविवारी ते निशिगंध घेऊन आले, त्याच्या पुढच्या रविवारी रांगोळी. मी त्यांचं काम दुपटीनं वाढवून ठेवलं होतं आणि इतके खूश मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

मी त्यांना म्हटलंही की मी फोनवर सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवते, मग सेलची भीती नको. ते चक्क रागावले. "तिचं अक्षर असं नव्हतं. लेक भेटायला आली तर तिच्यासमोरसुद्धा ती हे लिहायची नाही, मान फिरवून घ्यायची. आणि तुम्ही त्याचे फोटो काढणार? तुम्ही पाहिलंत ते नाइलाज होता म्हणून." मी पुन्हा विषय काढला नाही.

लग्नानंतर आम्ही वाकडला राहायला गेलो, पण पहिला रविवार मी सोडला नाही. काकांचे हात आता सतत कापत, त्यामुळे सेल मी बदलायची आणि ताटली ते धरायचे. नवरा मला गाडीवरून सोडायचा आणि दारावरचा कागद नीट वाचून, हाताची घडी घालून जिन्यात उभा राहायचा, हाक मारेपर्यंत. पाटी उघडून बघायचं काम मात्र काकांनी परत स्वतःकडे घेतलं होतं. "आहे," म्हणायचे, आणि आवाज दर महिन्याला थोडा थोडा बारीक होत चालला होता.

मग त्यांची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. सगळ्यांनी घरं रिकामी करायची. लेकीनं फोनवर निक्षून सांगितलं, बाबा, आता तुम्ही इकडेच यायचं, कायमचं. काका हो म्हणाले. ते इतक्या लवकर हो म्हणाले तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं.

निघण्यापूर्वीच्या रविवारी मी गेले तर पंखा बंद, बेल बंद, दारावर कागद, सगळं जागच्या जागी. फक्त ताटली रिकामी होती.

"सेल आणायचे राहिले का? मी पटकन खाली जाऊन आणते."

"राहिले नाहीत. बसा."

मी पाटावर बसले. खोलीत खोके बांधून ठेवलेले, भिंतीवरून काकूंचा फोटोही उतरवलेला.

"काका, पाटी माझ्याकडे द्या. मी बदलत जाईन सेल. एक महिना चुकणार नाही."

"नाही चुकणार. खात्री आहे माझी. तुमच्यानंतर कोण बदलणार?"

मी रिकामी ताटली पुढ्यात ओढून घेतली.

"नग मी सही करून घेतलाय तपासनीसबाई. जिवंत सोडून मला ड्यूटीवरून जाता येत नाही." मग म्हणाले, "तिचाही तोच नियम होता. तास संपला की फळा पुसून बाहेर पडायची. आपला फळा दुसऱ्या बाईंना पुसायला लावणं तिला कमीपणाचं वाटायचं."

"पण मंडईचं राहिलं ना अजून," मी म्हटलं. रडतच म्हटलं. "अजून किती गोष्टी आणायच्या राहिल्यात."

"राहिल्यात," काका म्हणाले. "पण पुष्कळ बघून झालं. ती होती तेव्हा एवढी मंडई मी कधी फिरलो नव्हतो. पिशवी धरून बाहेर उभा असायचो."

पाटीवर पुसायचं बटण होतं. काकू तेच दाबत. मी म्हटलं, मग ते दाबा, हे असं सेल काढणं नको. त्यांनी मान हलवली. "पुसणं तिचं काम. माझं काम तपासणी." त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं. मला वाटलं, पाटी किती वेळ धरते ते आता मोजणार. जन्मभर त्यांनी तेच केलं होतं. त्यांनी घड्याळ पालथं घालून ठेवलं.

मग पाठ करून एकेक पान बघितलं. शेवटच्या पानाला बराच वेळ लागला. पाटी उलटी केली, नखानं झाकण सरकवलं, दोन्ही सेल काढून माझ्या पुढच्या ताटलीत ठेवले आणि आम्ही समोरासमोर बसून राहिलो. खालून भंगारवाल्याची हाळी आली आणि लांब गेली. जिन्यात नवरा खोकला आणि त्यानं खोकला दाबला. मला दोनदा वाटलं, झडप घालून सेल उचलावेत आणि घालून टाकावेत. काका ताटलीकडे बघत नव्हते, फोटो असायचा त्या रिकाम्या जागेकडे बघत होते.

केव्हातरी त्यांनी हात पुढं केला. मी ताटली पुढं केली. सेल आत गेले, पाटी जागी झाली आणि तिनं आजची तारीख विचारली.

"नाही," काका म्हणाले.

मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले, पाटी दोन्ही हातांत धरून कमरेच्या उंचीवर आणली आणि फरशीवर सोडून दिली. ट्यूबची पट्टी निघाली, झाकण दिवाणाखाली गेलं. मी उचलून दिली. कोपरा दबला होता, पण पडदा तसाच उजळलेला, तारीख विचारत.

"पास," ते म्हणाले, आणि ती माझ्या हातात ठेवली. क्रोशाची सुई मात्र त्यांनी खिशात घातली.

काका तिकडं लेकीच्या घरी गेले आणि गेल्या वर्षी तिकडंच वारले. लेकीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "बाबांनी जाताना खोली इतकी आवरून ठेवली होती की आवरायला काही उरलंच नव्हतं." मी म्हटलं, "हो, टेबल मोकळं असेल." तिला ते कळलं नसावं.

पाटी माझ्या कपाटात आहे, सेल न घातलेली. मला काकांची फार आठवण येते. त्यांचं टेबल मोकळं झालं, पण मला त्या पाटीवरचा शब्दन् शब्द अजून दिसतो आणि मला ते पुसता येत नाही.

वाकडला भाजी अ‍ॅपवरून दारात येते. तरी रविवारी मी पिशवी घेऊन मंडईत जाते. नवरा बाहेर गाडीपाशी थांबतो, कारण विचारत नाही. मी गाळ्यागाळ्यांतून फिरते. लिंबं बघते, वाळकं बघते, शेवग्याच्या शेंगा, केवड्याची पानं. हे असेल का, हे असेल का. पालेभाजीवाल्या एक मावशी आता मला तोंडओळखीनं ओळखतात. परवा मी त्यांच्यापुढं फार वेळ उभी राहिले असेन.

"काय देऊ?" त्यांनी विचारलं.

"तेच कळत नाहीये हो."

"मग कळलं की या," असं म्हणून त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

येत्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे.